मी दहा म्हणालो

कोन्सेप्सिओन, १४ मार्च २०१०

यास्ना,

चार वर्षांनी लिहितोय, आणि तेही भूकंपाचं निमित्त साधून. तुमच्या आंकूदला काही झालं नाही ना? रेडिओवर बाकी सगळ्या गावांची नावं घेतली, तुमच्या बेटाचं घेतलं नाही. त्यावरून सगळं ठीक असेल असं समजतो. तरी तू, तुझी आई आणि घर, सगळं सुखरूप आहे असं एका ओळीने कळवलंस तर बरं वाटेल. नाही कळवलंस तरी समजून घेईन.

मी धडधाकट आहे. घराची मागची भिंत गेली, तिथे ताडपत्री लावलीय. रोसाच्या माघारी घरात मी एकटाच, त्यामुळे पडलं ते माझ्याच अंगावर पडणार होतं, तेही पडलं नाही. मुलगा उत्तरेला तांब्याच्या खाणीत आहे, त्याचा तिसऱ्या दिवशी फोन आला. जुना पूल बिओबिओ नदीत कोसळला. आता नदीपलीकडच्या सान पेद्रोहून विद्यापीठात पोचायला दोन तास लागतात. सगळं गाव उरलेल्या पुलांवर उभं असतं.

प्रयोगशाळा पाहिली असतीस तर रडली असतीस. ते पोलादी टेबल, टनभर वजनाचं, ज्याच्यापाशी तू श्वाससुद्धा जपून घ्यायचीस, ते वीतभर सरकलंय. आरशांचा चुरा झाला. लेझर वाचला, का ते देवाला ठाऊक. आणि ठोके मोजायची माझी पेटी वरच्या फळीवरून खाली पडून उघडली. तिची डागडुजी माझ्याकडे आलीय.

या आवराआवरीत कपाटामागे तुझी एक वही सापडली, हिरव्या पुठ्ठ्याची. म्हटलं कळवावं. हवी असेल तर पार्सल करतो.

पेटी उघडल्यावर आत एक गोष्ट दिसली. ती तपासून मग लिहीन.

डॉक्टर बास्कुन्यान बरे आहेत, प्रयोगशाळा अजून तेच चालवतात. त्यांनी तुझी आठवण काढली, असं लिहिणार होतो. काढली नाही.

निबाल्दो सानुएसा

कोन्सेप्सिओन, ९ मे २०१०

यास्ना,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

मागच्या वेळी म्हटलेली गोष्ट अशी. पेटीच्या खिडकीची रुंदी मी मोजली. दुसऱ्या विभागातून ऑसिलोस्कोप मागून आणला, तीनदा मोजली. दहा नॅनोसेकंद नाही. सहा आहे.

तुला हे सांगणं म्हणजे लोताच्या खाणवाल्याला कोळसा विकणं. तरी मी सगळं नीट मांडून लिहितो, कारण आयुष्यभर मी तारा जोडल्या, वाक्यं जोडली नाहीत, आणि चुकीचं काही तुझ्यापर्यंत जाऊ नये.

नदीच्या अलीकडच्या टेकडीवर आपला स्फटिक होता. त्यातून फोटॉनची, उजेडाच्या दोन कणांची, जोडी निघायची. एक तिथेच पकडायचा, दुसरा पाण्यावरून सान पेद्रोला, बंबवाल्यांच्या मनोऱ्यावर. फोटॉन पकडला की एक ठोका, आणि दोन्हीकडचे ठोके तारेने माझ्या पेटीत यायचे. दोन ठोके दहा नॅनोसेकंदांच्या आत पडले तर पेटी म्हणायची, हे एका जोडीचे. ती दहाची फट म्हणजे खिडकी. पण हवेत उजेड असतोच, रस्त्याचे दिवे, चंद्र. त्यामुळे कधी दोन परकी पोरंही योगायोगाने एकत्र दारात येतात. ते योगायोगाचे ठोके शेवटी वजा करायचे, आणि किती वजा करायचे ते खिडकीच्या रुंदीवरून ठरायचं. खिडकी सहाची असताना दहाच्या हिशेबाने वजा केले, तर खऱ्यापेक्षा जास्त वजा झाले, आणि उरले ते दिसायला फारच गुणी.

मनोऱ्यावरच्या कप्तानाला तू सगळं कसं समजावलं होतंस, ते मला अजून पाठ आहे. तो विचारत होता, "पोरी, एवढं सामान लावून तुम्ही मोजता तरी काय?" आणि तू त्याच्या बंबाच्या पायरीवर बसून म्हणालीस, "कप्तान, दोन जुळ्या बहिणी धरा. एकीला या काठावर प्रश्न विचारायचा, दुसरीला त्या काठावर. दोघींनी उत्तरं घरूनच ठरवून आणली असतील, तर त्यांच्या जुळण्याचा आमचा जो आकडा आहे तो दोनच्या वर जाऊच शकत नाही. कितीही बेरक्या असल्या तरी. तो दोनच्या वर गेला, तर त्यांनी उत्तरं घरून आणलेलीच नव्हती."

"मग एकीला दुसरीचं कळतं कसं?"

"कळत नाही. हीच तर पंचाईत आहे. कळत नाही तरी जुळतं."

कप्तान विचारात पडला आणि म्हणाला, "माझ्या बायकोला आणि सासूला दोन काठांवर बसवा. चार येईल."

तू इतकी हसलीस की चहा सांडलास.

आपला आकडा दोन पूर्णांक सतरा छापून आला. तू म्हणाली होतीस की तो दोनच्या खाली आहे. पेटी सांगतेय की तुझंच बरोबर होतं. मला हे आत्ता कळलं.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी जेवायला त्यांच्याकडे जातो, नेहमीसारखा. धक्के थांबत नाहीत म्हणून ते आणि मिरेल्लाबाई, दोघं नवराबायको, अंगणात तंबू ठोकून राहतायत. आम्ही तंबूतच पत्ते खेळतो. आज ते म्हणाले, "निबाल्दो, तुझं लक्ष नाही. हरतोयस." मी म्हटलं, जमीन हलतेय.

निबाल्दो

कोन्सेप्सिओन, २८ जून २०१०

यास्ना,

मागच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोललो. दोन गोष्टी.

पहिली, वही कपाटामागे सापडली नाही. ती चार वर्षं माझ्या घरी, रोसाच्या शिवणयंत्राच्या खणात होती. तू गेल्यावर डॉक्टरांनी तुझा खण रिकामा करायला सांगितला. "टाकून दे सगळं," म्हणाले. बाकी सगळं मी टाकलं. वही टाकवली नाही, पण तुला पाठवायची हिंमतही झाली नाही.

दुसरी गोष्ट लिहायला मी आठवडाभर बसतोय. आज सोमवार सुट्टीचा आहे, बाहेर पाऊस आहे, कणीक मळून पाव भाजून झाला, आता दुसरं काम उरलेलं नाही.

मला तेव्हाच माहीत होतं.

प्रयोग पाहायला मंत्री येणार होते त्याच्या दोन दिवस आधी मनोऱ्यावरच्या दमटपणाने पेटीतला एक रेझिस्टर जळला. तसला दुसरा जवळ नव्हता. मी जुन्या रेडिओतला एक काढून लावला. पेटी चालू झाली. खिडकी बदलली असणार हे लावतानाच कळत होतं. मोजायला हवी होती, पण ऑसिलोस्कोप नदीच्या त्या काठाला, आणि डॉक्टर फोनवर ओरडत होते, "चालू झाली की नाही?" मी म्हटलं झाली. पेटीवर दहाची चिठ्ठी होती, ती तशीच राहिली. नंतर मोजू म्हटलं. नंतर आकडा आला, पेपरात फोटो आला, 'नदी ओलांडणारे जुळे' असा मथळा आला, आणि मोजायचं राहूनच गेलं. राहून गेलं म्हणतो. राहू दिलं.

मग ती बैठक. तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही. आम्ही अकराजण होतो. तू हिरवी वही उघडून उभी होतीस, आणि मानेवर लाल चट्टे आले होते, रागावलीस की येतात तसे.

"डॉक्टर, सोळा कोनांच्या मोजण्यांपैकी एकीत, वजा केल्यावर उणे चार जोड्या उरतात," तू म्हणालीस. "उणे चार. नदी ओलांडून उणे चार जोड्या कशा येतील? आपण येतात त्याहून जास्त वजा करतोय. खिडकी दहाची नाही."

कोणीतरी हसलं. डॉक्टर म्हणाले, "आकडे थोडे वर-खाली होतातच. आणि नोंदी तुझ्या आहेत, यास्ना. आधी नोंदी तपास."

"तपासल्या. खिडकी मोजा. दहा मिनिटांचं काम आहे."

तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळले. "मिस्त्री, पेटी तुझी. खिडकी किती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तूही. तुझ्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता! तुला वाटलं, आता मिस्त्री सांगेल.

मी दहा म्हणालो.

का म्हणालो त्याची चार वर्षं मी वेगवेगळी कारणं दिली आहेत, स्वतःलाच. डॉक्टरांचे उपकार, हे एक. माझा बाप लोताच्या कोळशाच्या खाणीतच गेला, मी रेडिओ दुरुस्त करत फिरत होतो, तेव्हा या माणसाने मला कार्यशाळेत घेतलं. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी मला आपल्या टेबलावर बसवलं. पण ते खरं कारण नाही. खरं कारण असं की त्या शोधनिबंधावर माझं नाव होतं. डॉक्टरांनीच घातलं होतं, चौथं. आमच्या घराण्यात थडग्याशिवाय कुणाचं नाव कशावर छापलेलं नाही. दहाच्या ऐवजी सहा म्हटलं असतं तर तो निबंधच गेला असता.

मग तुझं नाव काढलं. निष्काळजी नोंदी, असं लिहिलं. शिष्यवृत्ती थांबली. तू बस पकडलीस. आणि निबंध छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. तुझं गेलं, आणि माझं एक घर पुढे सरकलं. तो कागद मी काच लावून भिंतीवर टांगला होता.

माफी मागत नाही. मागायचा हक्क नाही. सांगायचं होतं.

निबाल्दो

कोन्सेप्सिओन, १८ जुलै २०१०

यास्ना,

तुझं कार्ड मिळालं. बेटावरच्या लाकडी चर्चचं चित्र, मागे दोन ओळी. "हे सगळं मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना लिहा."

खाली सहीसुद्धा नाही. पण तुझा सात मी ओळखतो, पोटात आडवी रेघ असलेला. पिनकोडात होता.

कार्ड खिशात घालून दोन दिवस फिरलो. मग आज गेलो.

जेवण झाल्यावर मिरेल्लाबाई तंबूतून भांडी घेऊन घरात गेल्या, डॉक्टरांनी पत्ते पिसायला घेतले. मी म्हटलं, "डॉक्टर, पत्ते ठेवा. नदीच्या प्रयोगात खिडकी सहाची होती. मला तेव्हाच ठाऊक होतं."

त्यांनी पत्ते पिसणं थांबवलं नाही. "कुणाला सांगितलंस?"

"यास्नाला लिहिलं."

"आणि?"

"आणि तुम्हाला सांगतोय. मासिकाला लिहायला हवं, निबंध मागे घ्यायला हवा."

मग ते शांतपणे बोलायला लागले, वर्गात बोलतात तसे. तुला त्यांचा तो सूर माहीत आहे. "निबाल्दो, ऐक. आपल्यानंतर लोकांनी याहून कितीतरी लांब, समुद्रावरून फोटॉन पाठवले. आकडा दोनच्या वर आला. वादच उरला नाही. आपण म्हटलं ते खरंच आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग? निसर्ग तसाच वागतो. आपल्या कागदात थोडी चूक असली म्हणून निसर्ग बदलत नाही. कुणाचं नुकसान झालं?"

"तिचं झालं."

त्यांनी पत्ते पुन्हा कापले. मी म्हटलं, "निसर्गाला आपल्या साक्षीची गरज नाही, डॉक्टर. पण आपण साक्ष दिली की आम्ही पाहिलं. आपण पाहिलं नव्हतं."

"तुझ्या निवृत्तीला आठ महिने आहेत," ते म्हणाले. "माझ्या तीन वर्षं. म्हातारपणी दोघांनी मिळून तोंडाला काळं फासून घ्यायचं? कशासाठी? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

ते थोडं खरंही आहे. पण मग माझ्या तोंडून एक प्रश्न निघाला, जो विचारायचा म्हणून मी गेलो नव्हतो. "त्या दिवशी ऑसिलोस्कोप खोलीतच होता. तुमच्या हातापासून दोन पावलांवर. ती मोजा म्हणत होती. तुम्ही मोजलं नाहीत, मला विचारलंत. का?"

पत्ते त्यांनी टेबलावर ठेवले. कडा जुळवल्या. फार वेळ लावला.

"कारण तू दहा म्हणशील हे मला माहीत होतं," ते म्हणाले.

मिरेल्लाबाई कॉफी घेऊन आल्या, आमची तोंडं बघून तशाच परत गेल्या. मी टोपी घेतली. फाटकापर्यंत ते नेहमी सोडायला येतात. आज आले नाहीत.

मी लिहितोय ज्यांना माहीत नाही त्यांना. थोडा वेळ लागेल, माझं स्पेलिंग वाईट आहे.

निबाल्दो

कोन्सेप्सिओन, ३ ऑक्टोबर २०१०

यास्ना,

परवा समिती बसली. मासिकाला आणि विद्यापीठाला मी ऑगस्टमध्येच लिहिलं होतं. तुझ्या वहीतली आठ पानं फोटोकॉपी करून जोडली, तुला न विचारता. वही पार्सलने पाठवली आहे, पोचली असेल.

ऑगस्टपासून मी कुठल्याही रविवारी कुठे गेलेलो नाही. कार्यशाळेत माणसं आत येतात, काम ठेवतात, जातात. पूर्वी बसायची. कुणी वाईट बोलत नाही, फक्त माझ्यासमोर चहा लवकर संपतो. एका तरुण प्राध्यापकाने मात्र जिन्यात गाठून सांगितलं, "मिस्त्री, तुम्ही आम्हा सगळ्यांची अनुदानं बुडवणार." तो बिचारा तेव्हा इथे नव्हतासुद्धा.

समितीत तिघे. मध्ये एक अध्यक्षबाई, दुसऱ्या विभागाच्या. बाजूला एक वकील. आणि सान्तियागोहून आलेला एक गृहस्थ, ज्याला गणित येत होतं. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. बसमध्येही मांडीवरच होती. एका बाईने विचारलं, आत मांजर आहे का?

डॉक्टर समोरच्या बाकावर. करडा कोट, तो पदवीदानाचा. माझ्याकडे पाहिलं नाही.

सान्तियागोवाला म्हणाला, "सेन्योर सानुएसा, राग मानू नका, तुम्ही तंत्रज्ञ आहात. हा दोनचा आकडा म्हणजे काय, वजाबाकी का करतात, हे तुम्हाला खरंच कळतं?"

मी म्हटलं, "साहेब, गणित मला येत नाही. काय मोजायचं आणि काय वगळायचं, एवढं कळतं. लोताच्या खाणीत माझा बाप रुळांवरच्या गाड्यांत कोळसा भरायचा. वजनातून दगड वजा करायचे. दगड किती ते मुकादम ठरवायचा, डोळ्यांनी. त्याने जास्त दगड धरले की बापाचा कोळसा कमी. इथे आम्हीच खाणकामगार आणि आम्हीच मुकादम. आम्ही नव्हते तेवढे दगड वजा केले आणि म्हटलं, बघा, आमचा कोळसा किती चोख."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे त्या जोड्या नव्हत्याच?"

"असतील, बाई. निघाल्या तेव्हा नक्कीच जोडीने निघाल्या. पण नदीवर वारं असतं, धुकं असतं, पलीकडे येईपर्यंत काय उरलं ते आमच्या आकड्यावरून सांगता येत नाही. दोनच्या खाली आकडा आला की तो गप्प बसतो. आम्ही त्याला बोलायला लावलं."

"आणि कुमारी यास्ना ओयार्सो यांनी हे त्या वेळी दाखवून दिलं होतं?"

"तिने दाखवून दिलं. तिला निष्काळजी म्हटलं. निष्काळजी मी होतो. आणि निष्काळजी हा सौम्य शब्द झाला. मला विचारलं गेलं आणि मी खोटं सांगितलं."

वकिलाने डॉक्टरांना विचारलं, तुमचं काय म्हणणं. ते उभे राहिले. "मी त्याला सर्वांसमोर विचारलं होतं," ते म्हणाले. "त्याने दहा सांगितलं." आणि बसले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "हे बरोबर आहे?" मी म्हटलं, बरोबर आहे.

तंबूत ते जे बोलले ते मी सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. ते त्या करड्या कोटाची बटणं एकेक करून पुन्हा लावत होते, ते दिसलं, आणि मी गिळलं. तुला ते मी जुलैमध्येच लिहिलंय, तेव्हा तुझ्याकडे ते आहे. तुला समितीला कळवायचं असेल तर कळव, मी खोटं म्हणणार नाही. पण माझ्या तोंडून आलं नाही. अठ्ठावीस वर्षांचं जेवण त्या माणसाकडे जेवलोय. हे कारण पुरेसं नसेल. दुसरं नाही.

निबाल्दो

कोन्सेप्सिओन, १९ डिसेंबर २०१०

यास्ना,

निबंध मागे घेतला. मासिकात साडेचार ओळी आल्या. 'मोजणीच्या उपकरणातील त्रुटीमुळे निष्कर्षास आधार उरत नाही.' खाली सगळ्यांच्या सह्या लागल्या, माझीसुद्धा. म्हणजे माझं नाव दोनदा छापून आलं, आणि दुसऱ्याने पहिलं खोडलं. भिंतीवरची काच उतरवून ठेवलीय. तिथे भिंतीचा रंग वेगळा निघाला.

डॉक्टरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नाही. सामान न्यायला जावई आला होता.

विद्यापीठाने तुला पत्र पाठवलं, शिष्यवृत्ती पुन्हा द्यायची म्हणून, हे मला ऑफिसातल्या बाईंकडून कळलं. तुझं उत्तरही त्यांनीच दाखवलं. दाखवायला नको होतं, पण दाखवलं. "इथे माझ्यापुढे बत्तीस पोरं बसतात आणि मला त्यांना मधेच सोडता येणार नाही. माझी चार वर्षं कोणत्या खिडकीतून वजा केलीत तेही तुम्ही लिहिलेलं नाही." बाई म्हणाल्या, किती उद्धट! मी म्हटलं, नाही, ती तशीच आहे, नेमकी.

खरं सांगतो, मला आशा होती. खरं बोललो की तू परत येशील, त्या खोलीत पुन्हा कुणीतरी श्वास जपून घेईल, असं मी मनात धरलं होतं. तुला एका शब्दानेही विचारलं नव्हतं की तुला यायचंय का. तुला काय हवंय ते ठरवायची सवय आम्हा म्हाताऱ्यांची जात नाही.

नाताळला मुलगा येतो म्हणाला होता. पाळी बदलली, येत नाही. मी कोंबडीचा रस्सा करीन, तीन दिवस पुरतो.

सुखी राहा.

निबाल्दो

कोन्सेप्सिओन, २३ जानेवारी २०११

यास्ना,

हे पत्र लिहायचं नव्हतं. मागचं शेवटचं समजत होतो. पण आज दुपारी एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशी संबंधित आहे.

जेवून पडलो होतो, फोन वाजला. मुलगा असेल म्हणून उचलला. पलीकडे श्वास ऐकू आला, मग आवाज.

"निबाल्दो. नोंदवही तुझ्याकडे आहे का? नदीची?"

सहा महिन्यांनी पहिला शब्द. ना नमस्कार, ना कसा आहेस. मी म्हटलं, आहे, समितीची प्रत आहे.

"सोळा आकडे सांग. कच्चे. काही वजा न केलेले."

"आत्ता?"

"आत्ता."

मी चष्मा शोधला, प्रत आणली, टेबलाशी बसलो. एकेक कोन, त्यापुढचा आकडा. मी वाचायचा, ते परत म्हणायचे, आणि पेन्सिलीचा आवाज यायचा. सातव्याला ते म्हणाले, "थांब, पुन्हा." दहाव्याला मला ठसका लागला, ते थांबले, म्हणाले, "पाणी पी." मी पाणी प्यालो. दोन्ही काठांवरचे सुटे ठोके विचारले, तेही दिले. मग म्हणाले, "खिडकी?"

"सहा," मी म्हटलं.

"सहा," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

वीस-पंचवीस मिनिटं फोन तसाच. तिकडे कागद उलटत होता. एकदा मिरेल्लाबाईंचा आवाज आला, "कोण आहे?" पेन्सिल चालूच होती. त्यांच्याकडे संगणक आहे, जावयाने दिलेला. तरी हाताने करत होते. मला वाटतं त्यांना प्रत्येक वजाबाकी स्वतःच्या हाताखालून जायला हवी होती. बाहेर शेजारचा माणूस माझी पडलेली भिंत बांधतोय, त्याची थापी वाजत होती.

"एक पूर्णांक ब्याण्णव," ते शेवटी म्हणाले.

"हो, डॉक्टर."

"तिलाही हाच आला होता?"

"तिच्या वहीत एक पूर्णांक एक्याण्णव आहे. तिने शेवटी पूर्णांकन वेगळं केलं होतं."

ते हसल्यासारखे झाले, किंवा खोकले. फोनवर कळत नाही. मग पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आंकूदचा पत्ता सांग," ते म्हणाले.

तुला विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. ते थांबले होते. मी सांगितला. त्यांनी लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला, घर क्रमांकासकट, सोळा आकडे वाचले तसाच. बरोबर आहे, मी म्हटलं.

त्यांचं काही आलं तर त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्यांच्या वतीने काहीही मागत नाही, आणि काय लिहितील तेही मला माहीत नाही.

फोन ठेवताना ते निरोपाचं बोलले नाहीत. मीही नाही. तिकडून ठेवल्याचा आवाज आला, तरी मी थोडा वेळ रिसीव्हर कानालाच धरून बसलो होतो.

निबाल्दो